वैद्यकीय संदर्भशोध कसा घ्यावा : मेडलार्सच्या पिढीने घालून दिलेली रीत

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) सादर करण्यापूर्वी, डॉक्टरांना एखाद्या अवघड रुग्णाच्या निमित्ताने आणि वैद्यकीय ग्रंथालयातील सहायकांना वाचकांच्या मागणीवरून जो संदर्भशोध घ्यावा लागतो, त्याची एक क्रमवार रीत या लेखात मांडली आहे. ही रीत माझी नव्हे. अमेरिकेत बेथेस्डा येथील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमध्ये आणि तिकडच्या काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ज्यांनी पहिल्यांदा संगणक आणला, त्या ग्रंथपालांनी आणि डॉक्टरांनी ती साधारण १९५० ते १९७० या काळात घडवली. वैद्यकीय लेखांच्या नोंदी ज्यावर मोफत शोधता येतात त्या पबमेड या संकेतस्थळावर आज आपण जी साधने वापरतो, त्यांतील बहुतेकांची रचना त्या काळातील निर्णयांवर उभी आहे. ते निर्णय का घेतले गेले हे एकदा कळले, की कोणते साधन कुठे वापरायचे याचा उलगडा होतो. म्हणून प्रत्येक पायरीबरोबर तिचा इतिहासही सांगितला आहे.

वैद्यकीय लेखांची विषयवार सूची छापण्याचे काम तसे जुने आहे. आजच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे पूर्वरूप असलेल्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केले. लोकसंख्येच्या मोजणीचे निव्वळ यांत्रिक काम करायला एखादे यंत्र हवे, ही कल्पना हर्मन हॉलरिथ यांना सुचवणारेही बिलिंग्जच, असे खुद्द हॉलरिथ यांनी नमूद करून ठेवले आहे. त्या कल्पनेतून निघालेली पंचकार्डे, म्हणजे छिद्रांच्या रूपात माहिती नोंदवलेली कार्डे, पुढे बिलिंग्ज यांच्याच ग्रंथालयात कामाला आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर लेखांची संख्या इतकी वाढली, की हाताने सूची करून ती वेळेत छापणे अशक्य होऊ लागले. १९४९ मध्ये या ग्रंथालयाचे संचालक झालेले डॉ. फ्रँक ब्रॅडवे रॉजर्स हे मूळचे लष्करी डॉक्टर; या कामासाठी ते कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकून आले होते. त्यांच्या कारकिर्दीत १९५८ ते १९६० या काळात कागदी फितीवर छिद्रे पाडणारे टंकयंत्र, पंचकार्डे आणि कार्डांवरील ओळींची एकापाठोपाठ छायाचित्रे घेणारा कॅमेरा यांची जोडणी करून सूची छापण्याचा प्रयोग झाला आणि जानेवारी १९६० पासून नव्या स्वरूपातील मासिक ‘इंडेक्स मेडिकस’ निघू लागले. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे मेडलार्स, ही वैद्यकीय लेखांच्या नोंदी संगणकावर साठवून शोधून देणारी यंत्रणा. जनरल इलेक्ट्रिक कंपनीला १९६१ मध्ये कंत्राट दिले गेले आणि जानेवारी १९६४ मध्ये हनीवेल ८०० या संगणकावर ही यंत्रणा सुरू झाली.

या यंत्रणेची एक मर्यादा आधी ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सगळी रीत तिच्यातून आली आहे. नोंदी चुंबकीय फितीवर होत्या. हवी ती नोंद थेट उघडता येत नसे. फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागे. एकेका प्रश्नासाठी ती फिरवणे परवडणारे नव्हते, म्हणून अनेकांचे प्रश्न एकत्र करून एका फेरीत चालवले जात आणि छापील यादी मागणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत आठवडे लोटत. प्रश्न चुकीचा मांडला गेला तर तेवढेच आठवडे पुन्हा थांबावे लागे. त्यामुळे शोध घेणारी माणसे यंत्रापाशी जाण्याआधी कागदावर विचार करत. आज यंत्र क्षणात उत्तर देते म्हणून तो विचार वगळला जातो, आणि बहुतेक कच्चे संदर्भशोध तिथेच कच्चे राहतात.

पहिली पायरी : प्रश्न आपल्या शब्दांत, पूर्ण वाक्यात लिहावा

कोऱ्या कागदावर, संगणक बंद ठेवून, आपल्याला नेमके काय शोधायचे आहे ते दोन-तीन पूर्ण वाक्यांत लिहून काढावे. ‘विंचूदंशावरील उपचार’ हा विषय झाला. तो प्रश्न नव्हे. ‘लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम झालेल्या रुग्णांना प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिले, तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा ते लवकर बरे होतात का?’ हा प्रश्न झाला. पुढे हेच उदाहरण घेऊन चालू. कोकणातील विंचूदंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेले काम ‘लॅन्सेट’ आणि ‘बीएमजे’ यांसारख्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले आहे आणि पबमेडमध्ये नोंदलेले आहे, त्यामुळे आपला शोध बरोबर चालला आहे की नाही हे पडताळण्यासाठी हाताशी ओळखीचे लेख राहतात.

प्रश्न लिहिताना मेशच्या (सूचीसाठी ठरवून दिलेल्या विषयसंज्ञांच्या) किंवा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. या सूचनेमागे एक जुना आणि भक्कम पुरावा आहे. मेडलार्सचे शोध कितपत चांगले असतात हे तपासण्याचे काम एफ. विल्फ्रिड लँकास्टर यांच्याकडे सोपवण्यात आले होते. सुमारे तीनशे खऱ्याखुऱ्या शोधांची छाननी करून त्यांनी १९६८ मध्ये अहवाल दिला. त्यात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. मागणाऱ्याने ग्रंथपालासमोर बसून, त्याच्याशी चर्चा करून ठरवलेल्या प्रश्नांपेक्षा मागणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवलेल्या प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे मिळत होती. चर्चा सुरू झाली, की दोघेही यंत्रणेच्या शब्दसंग्रहाकडे ओढले जात आणि मूळ गरज त्या शब्दांच्या मापात कापली जात असे. हाती न आलेल्या उपयुक्त लेखांपैकी सुमारे एक चतुर्थांश लेख मागणी नीट न मांडली गेल्यामुळे निसटले होते, असेही त्यांना दिसले. ग्रंथालयातील सहायकांनी म्हणूनच वाचकाला आधी लिहू द्यावे, मग विचारावे.

विचारायचे ते इतकेच : या प्रश्नावरचा एखादा चांगला लेख तुम्हाला माहीत आहे का? किती जुन्या लेखांपर्यंत मागे जायचे आहे? लहान मुले, प्रौढ की दोन्ही? आणि चार उत्तम लेख पुरतील, की एकही लेख सुटता कामा नये? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे पाचव्या पायरीत पुन्हा येऊ.

दुसरी पायरी : प्रश्नाचे घटक वेगळे करावेत

लिहिलेल्या वाक्यातील एकमेकांपासून स्वतंत्र कल्पना वेगळ्या काढून त्यांचे स्तंभ आखावेत. आपल्या उदाहरणात तीन स्तंभ होतात : विंचूदंश, प्राझोसिन, प्रतिविष. ‘लवकर बरे होणे’ हा चौथा घटक दिसतो खरा, पण तो स्तंभात घेऊ नये. बरे होण्याचा उल्लेख लेखक शंभर तऱ्हांनी करतात आणि सूचीकार तर अनेकदा करतच नाहीत. ज्या कल्पना लेखात हमखास नावाने येतात त्याच शोधात घ्याव्यात. उरलेल्या कल्पना हाती आलेली यादी वाचताना आपल्या नजरेने तपासाव्यात. दोन किंवा तीन घटक बहुतेक वेळा पुरेसे असतात.

तिसरी पायरी : प्रत्येक घटकासाठी मेशमधील संज्ञा शोधावी

मेश म्हणजे मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज, म्हणजेच ठरवून दिलेल्या विषयसंज्ञांची यादी. एक लेखक ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ लिहितो आणि दुसरा ‘हार्ट अटॅक’. दोन्ही लेख एकाच संज्ञेखाली आणून ठेवणे हे तिचे काम. रॉजर्स यांच्या देखरेखीखाली तिची पहिली आवृत्ती १९६० साली निघाली, तेव्हा तीत सुमारे ४,४०० संज्ञा होत्या. आज ती संख्या तीस हजारांच्या आसपास आहे.

यंत्र येण्याआधी शब्द ठरवावे लागतात, हा धडा वैद्यकीय ग्रंथालयांनी त्याहूनही आधी घेतला होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्श मेडिकल लायब्ररीत सॅनफर्ड लार्की यांच्या नेतृत्वाखाली, आर्मी मेडिकल लायब्ररीच्या (नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे आधीचे नाव) पैशातून, वैद्यकीय लेखांची सूची यंत्राच्या साहाय्याने कशी करता येईल याचा प्रकल्प चालला. तिथे पंचकार्डांवर विषयशीर्षकांची छाननी होत असे, आणि यंत्राच्या वेगाइतकाच शीर्षकांच्या एकवाक्यतेचा प्रश्न मोठा आहे हे त्या कामातून पुढे आले. यूजीन गारफील्ड नावाचा तरुण तिथेच कामाला लागला होता. त्यांचा उल्लेख पुढे येईल. मेडलार्ससाठी मेशची घडण करण्यात विनिफ्रेड सेवेल यांचाही वाटा मोठा होता. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील ग्रंथालयातून त्या आल्या होत्या. संगणकीकरणाच्या इतिहासात यंत्रांची नावे लक्षात राहतात आणि शब्दयाद्या घडवणाऱ्यांची विसरली जातात. खरे तर हनीवेल ८०० कधीच मोडीत निघाला, आणि मेश मात्र रोज वापरात आहे.

प्रत्यक्षात काय करावे ते आता पाहू. पबमेडच्या मुख्य पानावरून मेश डेटाबेस उघडावा आणि पहिल्या स्तंभातील कल्पना तिथे इंग्रजीत टाकावी. विंचूदंशासाठी ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ ही संज्ञा मिळते. ती उघडून चार गोष्टी वाचाव्यात. पहिली म्हणजे व्याख्या. संज्ञेचा अर्थ आपल्या मनातील अर्थाशी जुळतो का, हे तीवरून कळते. दुसरी गोष्ट पर्यायी शब्दांची यादी. ती तशीच उतरवून घ्यावी, कारण पुढच्या पायरीत लागते. तिसरी गोष्ट म्हणजे संज्ञावृक्ष. १९६३ च्या आवृत्तीपासून संज्ञा वर्गवार मांडून दिल्या जाऊ लागल्या. ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ ही संज्ञा ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’ या व्यापक संज्ञेच्या पोटात आहे, आणि साप, कोळी, कीटक यांचे दंश तिच्या शेजारी आहेत. व्यापक संज्ञा निवडली तर पबमेड तिच्या पोटातील सर्व संज्ञाही आपोआप घेते. साप आणि कोळी नको असतील तर नेमकी संज्ञाच निवडावी.

चौथी गोष्ट बहुतेक जण वाचत नाहीत : संज्ञा यादीत कोणत्या वर्षी दाखल झाली आणि त्याआधी असे लेख कोणत्या संज्ञेखाली जात. मेशमध्ये दरवर्षी बदल होतात. एखादी नेमकी संज्ञा उशिरा आली असेल, तर त्याआधीचे लेख व्यापक किंवा शेजारच्या संज्ञांखाली नोंदलेले असू शकतात. विंचवाच्या बाबतीत ‘स्कॉर्पियन व्हेनम्स’ आणि ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’ या दोन्ही संज्ञांखालील जुने लेख म्हणूनच पाहावे लागतात. प्रतिविषासाठी ‘अँटिव्हेनिन्स’ आणि औषधासाठी ‘प्राझोसिन’ या संज्ञा सरळ मिळतात.

पबमेडमधील लेखाच्या नोंदीत काही संज्ञांपुढे तारांकन दिसते. ज्या संज्ञांवर लेखाचा मुख्य भर आहे, त्यांना ते लावलेले असते. त्याचा उगम छपाईत आहे. मेडलार्सच्या सूचीकाराने एका लेखाला दहा संज्ञा दिल्या, तरी त्या सगळ्यांखाली तो लेख ‘इंडेक्स मेडिकस’मध्ये छापला असता तर अंक उचलता आला नसता. म्हणून मोजक्या संज्ञा छापण्यासाठी आणि बाकीच्या केवळ संगणकीय शोधासाठी राखल्या जात. छापील सूची डिसेंबर २००४ मध्ये बंद झाली, तारांकन राहिले. फार मोठी यादी आली असेल तेव्हाच ‘मुख्य विषय’ एवढ्यापुरता शोध मर्यादित करावा. आरंभीच तसे केले, तर आपला विषय ज्यांत दुय्यम स्थानी आला आहे असे उपयुक्त लेख हातचे जातात.

सूचीकाराच्या कोऱ्या नोंदपत्रावर ‘मानव’, ‘पुरुष’, ‘स्त्री’, वयोगट, ‘प्राणी’ अशा काही ठरावीक खुणा आधीच छापलेल्या असत आणि त्यांतील लागू पडतील तेवढ्यांवर खूण करायची असे. पबमेडच्या डाव्या बाजूला दिसणाऱ्या लिंग, वय आणि मानव-प्राणी या चाळण्या तिथूनच आल्या आहेत. ही चाळणी लावताना एक सावधगिरी बाळगावी : जे लेख अगदी नुकतेच दाखल झाले आहेत आणि ज्यांना अजून मेश संज्ञा मिळालेल्या नाहीत, ते या चाळणीतून गळून पडतात.

चौथी पायरी : मेशबरोबर मुक्त शब्दही जोडावेत

संज्ञा देणे हे माणसाचे काम होते तेव्हाही त्यात उणिवा राहत, आणि २०२२ पासून मेडलाइनमधील (पबमेडच्या मुख्य नोंदसंग्रहातील) लेखांना संज्ञा देण्याचे काम मुख्यतः संगणकप्रणालीच करते व निवडक नोंदी माणसे तपासतात, त्यामुळे केवळ मेशवर विसंबणे योग्य नाही. प्रत्येक स्तंभात मेश संज्ञेखाली शीर्षकात आणि सारांशात येऊ शकणारे शब्द लिहावेत. विंचूदंशासाठी ‘स्कॉर्पियन’, ‘स्कॉर्पियनिझम’ आणि ‘एन्व्हेनोमेशन’. शेवटच्या शब्दाचे ब्रिटिश रूप ‘एन्व्हेनोमिंग’ असे आहे, म्हणून ‘एन्व्हेनोम’ एवढे मूळ लिहून पुढे तारांकन (*) लावले, की सर्व रूपे येतात. ‘इडिमा’ (सूज) या शब्दाचे ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगही वेगळे आहे; भारतीय लेखक दोन्ही वापरतात.

प्राण्याच्या शास्त्रीय नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडील लाल विंचवाला जुन्या लेखांत ‘ब्युथस टॅम्युलस’, नंतरच्या लेखांत ‘मेसोब्युथस टॅम्युलस’ आणि अलीकडे ‘हॉटेंटोटा टॅम्युलस’ म्हटलेले आढळते. एकच नाव टाकणाऱ्याला एकाच काळातले लेख दिसतील. ‘टॅम्युलस’ हा शब्द एकटा टाकला, तर तिन्ही नावे पकडली जातात. जीवाणू, परजीवी, औषधी वनस्पती यांच्या बाबतीतही अशी नावबदलाची पडताळणी करून घ्यावी.

पाचवी पायरी : जोडणी करावी आणि किती व्यापक जायचे ते ठरवावे

एका स्तंभातील सर्व संज्ञा आणि शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवावेत, मग स्तंभ एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत. हे तीन तर्कशब्द, म्हणजे अँड, ऑर आणि नॉट, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावेत आणि कंस कधीही गाळू नयेत, कारण कंस नसतील तर पबमेड सूत्र डावीकडून उजवीकडे जसेच्या तसे वाचत जाते आणि अर्थ पालटतो. मेडलार्सचे तज्ज्ञ हीच मांडणी कागदावर करून मग ती यंत्रासाठी छिद्रांच्या रूपात उतरवत.

‘नॉट’ शक्यतो वापरू नये. ‘साप नको’ म्हणून सर्पदंश वगळला, तर विंचू आणि साप या दोहोंवरील प्रतिविषाची तुलना करणारा लेखही जातो. प्राण्यांवरील प्रयोग वगळायचे असतील, तर ‘ज्यांवर प्राणी ही खूण आहे पण मानव ही नाही’ अशा लेखांपुरताच नकार लावावा. असे केल्याने ज्यांवर दोन्ही खुणा आहेत ते लेख आणि अजून संज्ञा न मिळालेले नवे लेखही राहतात.

आता पहिल्या पायरीतील तो प्रश्न : चार उत्तम लेख हवेत, की सर्वच्या सर्व? लँकास्टर यांच्या अहवालातील सर्वांत प्रसिद्ध आकडे याच प्रश्नाशी संबंधित आहेत. उपलब्ध उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५७.७ टक्के लेख मेडलार्सच्या शोधांत हाती येत होते, आणि हाती आलेल्यांपैकी सरासरी ५०.४ टक्के लेख उपयोगाचे ठरत होते. पहिल्या प्रमाणाला रिकॉल आणि दुसऱ्याला प्रिसिजन म्हणतात. जाळे जितके मोठे टाकावे तितके नको ते मासेही येतात. म्हणजे एक प्रमाण वाढवू गेले की दुसरे साधारणपणे घटते. रुग्ण समोर आहे आणि आजच निर्णय घ्यायचा आहे, तेव्हा तिन्ही स्तंभ जोडावेत, ‘मुख्य विषय’ आणि ‘यादृच्छिक चाचणी’ या चाळण्या लावाव्यात आणि पहिले दहा लेख वाचावेत. प्रबंधासाठी किंवा पद्धतशीर आढाव्यासाठी शोध असेल, तर उलट करावे : प्रतिविषाचा स्तंभ काढून टाकावा, विंचूदंश आणि प्राझोसिन एवढेच ठेवावे, आणि यादी लांबली तरी ती शेवटपर्यंत वाचावी. सर्व जागतिक साहित्य एका झटक्यात हाती आले, असा समज कोणत्याही एका शोधाबद्दल करून घेऊ नये.

सहावी पायरी : उत्तर पाहून सूत्र सुधारावे

आठवडे थांबण्याची सक्ती संपली ती १९७० नंतर. त्या वर्षी जूनमध्ये एम-ट्विक्स हा प्रयोग सुरू झाला. कॅलिफोर्नियातील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या संगणकावर सुमारे शंभर निवडक नियतकालिकांच्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि दूरच्या ग्रंथालयांतून टेलिटाइप यंत्रावर प्रश्न टंकून त्याचे उत्तर तिथल्या तिथे मिळत होते. त्यावरून ऑक्टोबर १९७१ मध्ये मेडलाइन सुरू झाली. या संक्रमणामागे डेव्हिस मॅकार्न यांचे परिश्रम आणि संचालक मार्टिन कमिंग्ज यांचा पाठिंबा होता. न्यूयॉर्क राज्यात अर्विन पायझर यांनी सिराक्यूज येथून राज्य विद्यापीठाचे बायोमेडिकल कम्युनिकेशन नेटवर्क त्याही आधी, १९६८ मध्ये, चालू केले होते. सामान्य डॉक्टरांना ग्रंथपालाच्या मदतीशिवाय शोध घेता यावा म्हणून बोस्टनच्या बेथ इझ्रायल रुग्णालयात १९७९ मध्ये ‘पेपरचेस’ ही प्रणाली सुरू झाली. पबमेडवरून मेडलाइन सर्वांना मोफत खुली झाली ती जून १९९७ मध्ये. भारतात १९८६ पासून नवी दिल्लीतील आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) यांचे संयुक्त मेडलार्स केंद्र अशी सेवा देऊ लागले.

संगणकाशी असा संवाद शक्य झाल्याचा खरा लाभ म्हणजे सूत्र सुधारण्याची सोय. पहिले वीस निकाल वाचावेत. उपयोगी निघालेल्या लेखांची पाने उघडून त्यांना कोणत्या मेश संज्ञा दिल्या आहेत ते पाहावे. आपल्या स्तंभात नसलेली संज्ञा तिथे वारंवार दिसली, तर ती जोडावी. त्यानंतर ओळखीच्या लेखांची कसोटी लावावी. प्राझोसिनबरोबर प्रतिविष देण्याची डॉ. बावस्कर यांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली आहे. ती यादीत आली नाही, तर सूत्रात खोट आहे असे समजावे आणि कोणत्या स्तंभाने तिला अडवले ते एकेक स्तंभ काढून शोधावे. ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर प्रत्येक शोधाचा तपशील उघडता येतो. आपण टाकलेल्या शब्दांचा पबमेडने काय अर्थ लावला, हे तिथे शब्दशः दिसते. हा तपशील न वाचता शोध पूर्ण झाला असे म्हणू नये.

सातवी पायरी : संदर्भांच्या वाटेने पुढे-मागे जावे

संज्ञा आणि शब्द दोन्ही कमी पडतात तिथे तिसरी वाट आहे. वेल्श प्रकल्पात काम केलेल्या यूजीन गारफील्ड यांनी असा विचार मांडला, की लेखकाने दिलेले संदर्भ हेच त्या लेखाच्या विषयाचे सर्वांत नेमके वर्णन असते. त्या विचारातून १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध होऊ लागली. हाती आलेल्या दोन-तीन उत्तम लेखांची संदर्भसूची वाचून मागे जावे आणि त्या लेखांचा उल्लेख नंतर कोणी केला आहे ते पाहून पुढे यावे. पबमेडच्या पानावर ‘सायटेड बाय’ हा भाग असतो, गुगल स्कॉलरवरही ही सोय आहे. १९४६ पूर्वीचे साहित्य हवे असेल तर पबमेडमध्ये फारसे काही मिळणार नाही. त्यासाठी बिलिंग्ज यांच्या ‘इंडेक्स-कॅटलॉग’चे संगणकीय रूप नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने खुले ठेवले आहे, ते पाहावे.

आठवी पायरी : लेख मिळवावा

यादी म्हणजे लेख नव्हे. तो कोणत्या ग्रंथालयात आहे हे कळेपर्यंत शोध अपुरा असतो, आणि या कामाची संगणकीय सुरुवात सेंट लुईस येथे झाली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या प्रमुख एस्टेल ब्रॉडमन यांनी नियतकालिकांच्या नोंदी यंत्रावर आणल्या. पायझर यांनीही आधी तिथेच काम केले होते आणि त्या कामाचा वृत्तांत १९६३ मध्ये त्यांनी मिळून प्रसिद्ध केला. या प्रणालीला पुढे फिल्सॉम हे नाव मिळाले आणि अनेक वैद्यकीय ग्रंथालये तीत सहभागी झाली. नियतकालिकांपासून आरंभ करण्याचा ब्रॉडमन यांचा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. वैद्यकीय ग्रंथालयात पुस्तकांपेक्षा नियतकालिकांवरच अधिक भिस्त असते, अंक सतत येत राहतात, आणि एखादा अंक आला नाही हे वेळीच कळले नाही तर तो नंतर मिळणे कठीण होते. पुस्तकांच्या तालिकापत्रांचा प्रश्न फ्रेडरिक किल्गोर यांनी हाताळला. येलच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे प्रमुख असताना कोलंबिया आणि हार्वर्ड यांच्या वैद्यकीय ग्रंथालयांसह १९६१ मध्ये त्यांनी सामायिक संगणकीय तालिकेचा प्रकल्प हाती घेतला. तो फार काळ टिकला नाही, पण एकाने केलेली नोंद सर्वांनी वापरावी ही कल्पना घेऊन ते १९६७ मध्ये ओहायोला गेले आणि तिथे ओसीएलसी ही ग्रंथालयांची सामायिक तालिका चालवणारी संस्था उभी राहिली.

वाचकाने आधी पबमेड सेंट्रलमध्ये (पूर्ण लेखांचा मोफत संग्रह) लेख मोफत आहे का ते पाहावे. नसेल तर महाविद्यालयाने घेतलेल्या ई-नियतकालिकांची यादी पाहावी. शासकीय महाविद्यालयांना सामायिक वर्गणीच्या योजनेमार्फत काही नियतकालिके उपलब्ध होतात. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ यासारखी आपल्याकडील काही नियतकालिके स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण लेख देतात. एवढे करूनही लेख मिळाला नाही तर ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी द्यावी आणि तीत पबमेडचा नोंदक्रमांक अवश्य लिहावा, म्हणजे समोरच्या ग्रंथालयाला शोधाशोध करावी लागत नाही.

नववी पायरी : शोधाची नोंद ठेवावी

मेडलार्समध्ये प्रत्येक मागणीचा कागद, सूत्र आणि निघालेली यादी एकत्र जपलेली असे, म्हणूनच लँकास्टर यांना प्रत्येक अपयशाचे कारण शोधता आले. तसेच आपणही करावे. कोणता माहितीसाठा वापरला, कोणत्या तारखेला, पूर्ण सूत्र काय होते, कोणत्या चाळण्या लावल्या, किती नोंदी आल्या आणि त्यांतील किती ठेवल्या, हे एका पानावर लिहून ठेवावे. सूत्र हाताने पुन्हा टंकू नये, पबमेडवरून थेट उतरवून घ्यावे. प्रबंधाच्या पद्धतीविषयीच्या प्रकरणात हे पान जसेच्या तसे जोडता येते. मोफत खाते उघडून सूत्र जतन केले, तर त्यात बसणारे नवे लेख ठरावीक काळाने ईमेलवर येतात. सिनॉप्सिस आणि अंतिम प्रबंध यांमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ जातो, तेव्हा प्रबंध बांधायला देण्यापूर्वी हेच सूत्र पुन्हा चालवून मधल्या काळात आलेले लेख तपासून घ्यावेत.